नर्सिंगची पदवी: कॉलेज पारखायचं कसं, आणि पुढे नोकरीचं काय?

ओसरी

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीनं नर्सिंग घ्यायचं नक्की केलंय. तिच्या आजोबांच्या शेवटच्या आजारपणात ती महिनाभर हॉस्पिटलात ये-जा करत होती. आजोबांची कूस बदलताना तिथल्या सिस्टर त्यांच्याशी गप्पा मारायच्या, ते तिच्या मनात बसलं. घरातून विरोध नाही, आनंदच आहे. पण आमच्या नात्यागोत्यात या क्षेत्रातलं कोणीच नाही. कॉलेज पारखायचं म्हणजे नेमकं काय बघायचं तेच कळेना.

दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतोय. एकाची इमारत नवी कोरी, सिम्युलेशन लॅब तर बघत राहावी अशी. पुतळे श्वास घेतात, बोलतात, त्यांना घामसुद्धा येतो. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत '१०० टक्के प्लेसमेंट'. दुसरं जुनं आहे, भिंतींचे पोपडे निघालेत, पण मोठं हॉस्पिटल त्याच आवारात आहे. तिथे नोकरीबद्दल विचारलं तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "लागतात मुली कुठे ना कुठे." बास, एवढंच.

बायकोचा कल पहिल्याकडे, माझा अजून कुठेच नाही, आणि मुलगी म्हणते तुम्ही विचारून घ्या. इथे बरेच सिस्टर, ब्रदर, डॉक्टर वाचत असतात. मोकळेपणानं सांगा. पदवीनंतरच्या वाटांबद्दलही लिहा.

रात्रपाळी

दादा, आधी मुलीचं अभिनंदन.

इमारत, लॅब, प्लेसमेंट सगळं घडीभर बाजूला ठेवा. पहिल्यांदा एकच बघा: ही पदवी घेतल्यावर नर्स म्हणून नोंदणी होते का? नोंदणी करणारी संस्था देशोदेशी वेगळी. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्यांच्या कौन्सिल, ब्रिटनमध्ये एनएमसी, अमेरिकेत त्या त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, नर्सिंगच्या कोर्सला मान्यता आहे का आणि किती जागांना आहे, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः शोधा. भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर भागवू नका. लावलंच असेल तर त्यावरची तारीख वाचा. 'हेल्थ सायन्स' वगैरे नावांच्या पदव्याही असतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांच्या जोरावर रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. प्रवेश घेऊन दोन वर्षांनी हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

भिंगरी

+१. अमेरिकेत याच्या जोडीला सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांची अधिस्वीकृतीही बघतात. पुढे मास्टर्सला जाताना ती बऱ्याच ठिकाणी विचारली जाते.

सूर्यफूल_७

ओसरी, मी अठरा वर्षं वॉर्डात होते आणि गेली नऊ वर्षं शिकवतेय. जरा सविस्तर लिहिते, चालवून घ्या.

नर्सिंग वर्गात अर्धंच शिकवलं जातं. उरलेलं अर्धं पेशंटच्या पलंगाशी. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही, नियमच तसे आहेत. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात नर्सच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास सांगितलेत आणि त्यातले किमान निम्मे क्लिनिकल. ब्रिटनमध्ये २,३०० तास प्रत्यक्ष सराव लागतो. म्हणजे तुमची मुलगी जेवढा वेळ बाकावर बसेल, तेवढाच वॉर्डात उभी राहील. आणि आईवडील बघून काय येतात? बाक, फळा, लॅब आणि हॉस्टेल.

एक प्रसंग सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते. मेडिसिन वॉर्ड, सकाळची ड्युटी. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासांचा तक्ता, भरून ट्यूटरच्या हातात दिला. त्यांनी बोट वरून खाली फिरवलं. सगळ्यांचे श्वास १८, एकाचे २०. त्या रागावल्या नाहीत. मला सहा नंबरच्या पलंगाशी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "मनगट धर, नाडी बघतेयस असं दाखव, आणि छातीकडे बघ. पूर्ण मिनिट." स्वतः घड्याळ बघत शेजारी उभ्या राहिल्या. मी मोजले. ३२ भरले. ते काका निवांत पडून होते, ताप नाही, तक्रार नाही. डॉक्टरांना बोलावलं. दुपारी त्यांना आयसीयूत हलवलं.

श्वासांचा वेग वाढणं ही तब्येत बिघडत असल्याची फार लवकर दिसणारी खूण असते, आणि चार्टवर अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडाही बहुतेक वेळा तोच. मनगट धरून मोजायचं, कारण आपले श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं. पण त्या मिनिटाला ट्यूटर माझ्या शेजारी होत्या म्हणून ते माझ्या अंगात उतरलं.

त्या शेजारी उभ्या राहू शकल्या, कारण त्या दिवशी वॉर्डात आम्ही सात जणी होतो. पंचवीस असतो तर त्यांनी चार्टावर सही करून टाकली असती.

म्हणून दोन्हीकडे विचारा: वॉर्डात एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी असतात? आठ-दहापर्यंत ठीक. त्यापुढे गेलं की ती बाई हजेरी घेते, शिकवत नाही. त्याच वॉर्डात आणखी किती कॉलेजांच्या मुली येतात तेही विचारा. एका पलंगाभोवती सहा मुली आणि ड्रेसिंग करणारी एक, असं चित्र असेल तर तासांचा हिशेब कागदावर पूर्ण होतो, हात मात्र कोरे राहतात.

कोरा_कागद

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. माझं नेमकं उलटं झालं.

ओसरी काका, मी दोन वर्षांपूर्वी पास झाले. कॉलेज चकाचक होतं. स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं, वेगवेगळ्या हॉस्पिटलांशी करार होते. बसनं जायचं, दोन-अडीच तास थांबायचं, परत यायचं. त्यात हजेरी आणि चहा वजा करा. शेवटच्या वर्षी विद्यापीठाची तपासणी लागली तेव्हा आम्हाला एका खोलीत बसवलं आणि सगळ्यांची प्रोसिजर बुकं एका दुपारी भरून घेतली. चार वर्षांच्या सह्या, एकच पेन, एकच शाई. मी 'कॅथेटरायझेशन (लघवीची नळी घालणं): १०' असं लिहिलंय. प्रत्यक्ष दोन केली होती, त्यातलं एक पुतळ्यावर.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "त्या आजींना कॅथेटर घाल." मी ट्रे लावला, ग्लोव्ह्ज घातले आणि थांबले. खोटं बोलून करायला गेले असते तर आजींना इजा झाली असती. मी सिस्टरांना खरं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतः आल्या आणि मला हाताला धरून शिकवलं. त्या माउलीचे उपकार फिटणार नाहीत. पण ते शिकवणं कॉलेजचं काम होतं.

काका, जमलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी तुमच्या मुलीला एकटीनं बोलू द्या. शिक्षक समोर नकोत. तिला विचारायचं, "गेल्या आठवड्यात तू काय काय केलंस?" 'काय शिकलीस' नाही, 'काय केलंस'. उत्तर पाच मिनिटांत कळतं.

भिंगरी

कोरा_कागद, तू त्या दिवशी खरं सांगितलंस, ते सगळ्यात अवघड असतं.

पण लॅबवर अन्याय नको म्हणून लिहितेय. मी सिम्युलेशन लॅब चालवते. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेनं २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १० कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीसारखं क्लिनिकल, दुसऱ्याचे २५ टक्के तास सिम्युलेशनमध्ये, तिसऱ्याचे ५० टक्के. शेवटी ज्ञानात, परवाना परीक्षेच्या निकालात आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या कामात गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ब्रिटनमध्येही आता २,३०० पैकी ६०० तासांपर्यंत सिम्युलेशन चालतं.

हृदय बंद पडलेला पेशंट, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, चुकीचं रक्त चढवल्यावरची रिॲक्शन. हे विद्यार्थ्याच्या वाट्याला वॉर्डात कधी येईल सांगता येत नाही, आणि आलं तर त्याला मागे उभं करतात. तेच योग्यही आहे. लॅबमध्ये मात्र तीच मुलगी पुढे असते. चुकली तर पुन्हा करते, पुतळा मरत नाही.

सूर्यफूल_७

भिंगरी, हे मान्य. त्या अभ्यासातली लॅब कशी होती तेही सांग ना. तिथले शिक्षक त्यासाठी खास तयार केलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर बसून चर्चा व्हायची: काय दिसलं, काय सुटलं, का सुटलं. खरं शिकणं त्या चर्चेत असतं. मी अशा लॅब बघितल्यात जिथे महागडा पुतळा प्लास्टिकच्या आच्छादनात असतो आणि पाहुणे आले की उघडतात.

भिंगरी

अगदी खरं. म्हणून ओसरी, लॅब दाखवतील तेव्हा पुतळ्याकडे बघू नका, वहीकडे बघा. लॅबला वापराची नोंदवही असते. गेल्या महिन्यात कोणत्या बॅचनं कोणता प्रसंग केला, ते तिथे दिसेल. आणि विचारा, नंतरची चर्चा कोण घेतं आणि किती वेळ. प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर चर्चा निदान तेवढी किंवा त्याहून जास्त चालायला हवी.

आकडेमोड

मी नर्स नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आकड्यांचं काम करतो. '१०० टक्के' बघून राहवलं नाही.

टक्केवारी सांगितली की विचारायचं, कशाचे टक्के? समजा पहिल्या वर्षाला १०० मुली आल्या. गळत गळत शेवटच्या परीक्षेपर्यंत ६५ पोचल्या. कॉलेजनं अंतर्गत चाचणीत कच्च्या मुलींना अडवून ५० जणींनाच परवाना परीक्षेला बसू दिलं. ४८ पास. जाहिरात होते ९६ टक्के निकालाची. आकडा खोटा नाही. पण आत गेलेल्या १०० पैकी ४८ जणीच नर्स झाल्या, हे त्यात कुठेच दिसत नाही.

प्लेसमेंटचंही तेच. कॅम्पसवर आलेल्या हॉस्पिटलचं पत्र मिळालं की 'प्लेस्ड' धरतात. ती मुलगी रुजू झाली का, पद कुठलं होतं, वर्षभरानं ती तिथे आहे का, हे मोजायची तसदी फार थोडे घेतात.

तेव्हा तीन आकडे मागा: प्रवेश किती, वेळेत पदवी किती, आणि वर्षभरानं नर्स म्हणून कामावर किती. तिन्ही एकाच बॅचचे हवेत, वेगवेगळ्या वर्षांचे नकोत. अमेरिकेत एनसीएलईएक्स या परवाना परीक्षेचे कॉलेजवार निकाल राज्यांची बोर्डं जाहीर करतात, आणि सीसीएनईची अपेक्षा पहिल्या प्रयत्नात ८० टक्के पास अशी असते. जिथे असं काही जाहीर होत नाही तिथे कॉलेजलाच विचारायचं. "लागतात मुली कुठे ना कुठे" म्हणणाऱ्या बाईंना आकडा माहीत नसेल, पण प्राचार्यांना माहीत असायला हवा.

ओसरी

केवढी मदत करताय सगळे! मुलीला सगळं वाचायला दिलं. कोरा_कागदचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, मलापण असं खरं बोलता येईल का?"

आता नोकरीचं विचारतो. जगात नर्सांचा तुटवडा आहे असं सारखं वाचतो. मग ओळखीतली एक नर्सिंग झालेली मुलगी आठ महिने घरी का बसलीय? आणि परदेशात जायचं मनात आलंच, तर आत्तापासून काही काळजी घ्यावी लागते का?

दूरदेशी

परदेशाचं मी सांगते, मी बाहेर आयसीयूत काम करते.

काका, बाहेर जायला निघालं की पदवीचं नाव कोणी विचारत नाही, तास विचारतात. मेडिकल-सर्जिकल किती, बालरुग्ण किती, प्रसूती किती, मानसिक आरोग्य किती. त्यातली थिअरी किती, क्लिनिकल किती. हे सगळं विद्यापीठानं स्वतः लिहून, शिक्का मारून, थेट त्यांच्याकडे पाठवायचं. माझ्या कॉलेजात माझ्या वर्षीचा अभ्यासक्रम कोणी जपूनच ठेवला नव्हता. कारकून बदलले, रजिस्टर सापडेना. सात महिने त्यात गेले. म्हणून मुलीला पहिल्या दिवसापासून सांगा: अभ्यासक्रमाची प्रत, प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा, वॉर्ड, तास, सगळं स्वतःच्या फाइलीत.

आणखी एक फार कमी जणांना माहीत असतं. काही ठिकाणी थिअरी आणि त्याच विषयाचं क्लिनिकल बरोबरीनं झालेलं लागतं. कॅलिफोर्नियाचा नियम तसा आहे. बालरुग्णांचं शिकवणं दुसऱ्या वर्षी आणि त्याची पोस्टिंग चौथ्या वर्षी, असं असेल तर तास पूर्ण असूनही अर्ज अडतो. कॉलेजचं वेळापत्रक मागून घ्या आणि हे जुळतंय का बघा. आत्ता पाच मिनिटांचं काम आहे, नंतर दुरुस्त होत नाही.

परीक्षा वगैरे त्यानंतरच्या गोष्टी. एनसीएलईएक्स २०२३ च्या एप्रिलपासून बदलली आहे. एकाच पेशंटची माहिती टप्प्याटप्प्यानं देतात आणि प्रत्येक टप्प्यावर 'आता काय करशील' विचारतात. पाठांतरावर निभत नाही. ब्रिटनला संगणकावरची परीक्षा आणि मग प्रत्यक्ष कौशल्यांची. जर्मनीला जर्मन भाषेची बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी वरची पातळी लागते, आणि ती घाईघाईत होत नाही. सूर्यफूल ताईंनी सांगितलं तसं पलंगाशी शिकलेली मुलगी यातलं काहीही देऊ शकते.

रात्रपाळी

तुटवड्याचं मी लिहितो, कारण हा प्रश्न मला रोज जाळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात २०२३ सालचे आकडे आहेत. जगात २ कोटी ९८ लाख नर्स, तुटवडा ५८ लाखांचा. आणि जगातल्या ७८ टक्के नर्स अशा देशांत आहेत जिथे जगाची जेमतेम निम्मी लोकसंख्या राहते. आता दादा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुटवडा म्हणजे पेशंटना जेवढ्या नर्स हव्यात आणि जेवढ्या आहेत यातलं अंतर. रिकामी जागा म्हणजे कोणीतरी पगार द्यायला तयार असलेलं पद. या दोन गोष्टी एक नव्हेत. वॉर्डात चार नर्स हव्यात, मंजूर पदं दोन, भरलेली दोन. कागदावर रिकामी जागा शून्य. ओळखीतली मुलगी घरी, आणि मी रात्री तीस पेशंटना एकटा.

याचे परिणाम पेशंटवर होतात हे मोजलं गेलंय. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतली ३०० हॉस्पिटलं तपासली, शस्त्रक्रिया झालेले ४ लाख २२ हजारांहून जास्त रुग्ण. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि नर्सांमध्ये पदवीधरांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ती ७ टक्क्यांनी कमी. हा संबंध आहे, यानंच त्यानं झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही. तरी मुलीला सांगा, ती जी पदवी घ्यायला निघालीय तिचं वजन एवढं आहे.

नोकरी बघताना मी नव्या मुलांना पगाराच्या आधी हे विचारायला सांगतो: माझ्याकडे किती पेशंट असतील? दिवसा किती, रात्री किती? कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये याचा कायदा झाला, २००४ पासून लागू आहे. आयसीयूत एका नर्सला दोनच पेशंट, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. जिथे कायदा नाही तिथे निदान प्रश्न तरी विचारावा. उत्तर द्यायला जे कचरतात त्यांच्याकडे काय वाढून ठेवलंय ते तिथेच कळतं. बॉण्ड असेल तर त्याचा कागद घरी आणून वाचायचा, तिथल्या तिथे सही नाही.

चाफा

मी इथे सहसा लिहीत नाही. तीन वर्षं काम करून नर्सिंग सोडलं. काकांना घाबरवायचं नाहीये, पण हेही कोणीतरी सांगायला हवं.

मला काम येत होतं. पेशंट आवडायचे. पहिल्या आठवड्यातच मला स्वतंत्र ड्युटी दिली, दुसऱ्या महिन्यात एकटीनं नाईट. कोणाला विचारायचं? ज्यांना विचारायचं त्या स्वतः धावत असायच्या. घरी आल्यावर झोपेतून दचकून उठायचे, अमक्याचं अँटिबायोटिक दिलं की राहिलं? फोन करून विचारायचे. दिलेलं असायचं. नेहमी दिलेलंच असायचं. तरी झोप यायची नाही.

मी कमी पडले असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सूर्यफूल_७

चाफा, तू कमी पडली नाहीस गं. दुसऱ्या महिन्यात तुला एकटीला नाईटला उभं करणारे कमी पडले.

याला नाव आहे. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये याचा अभ्यास मांडला आणि 'वास्तवाचा धक्का' म्हटलं. शाळेत शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डात करावं लागणारं नर्सिंग यातल्या दरीत नव्या मुली कोसळतात. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या घडणीच्या पाच पायऱ्या सांगितल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. तिसरी पायरी, म्हणजे स्वतःच्या बळावर काम आखून पार पाडणारी नर्स, ही एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर येते. दोन-तीन वर्षं! आणि आपण दुसऱ्या महिन्यात तिच्याकडून ती अपेक्षा करतो.

ओसरी, म्हणून पहिली नोकरी निवडताना मोठ्या नावापेक्षा हे बघा: नव्या नर्सला ठरवून दिलेली अनुभवी सिस्टर मिळते का, किती आठवडे, आणि त्या दोघींची ड्युटी एकाच वेळेला लागते का? काही ठिकाणी नव्या नर्सना देखरेखीखाली तयार करणारा सहा महिने ते वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम असतो, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं. चांगलं कॉलेज शेवटच्या वर्षातच मुलींना सलग काही आठवडे एकाच सिस्टरच्या हाताखाली पूर्ण ड्युटी करायला लावतं, नाईटसुद्धा. हे दोन्ही कॉलेजांत विचारा. नसेल तर कोरा_कागद आणि चाफासारखं पहिल्या पगाराच्या महिन्यात शिकावं लागतं.

कोरा_कागद

चाफा ताई, मी अजून टिकलेय ती फक्त त्या इन्चार्ज सिस्टरांमुळे. त्या नसत्या तर मीही सोडलं असतं.

चाफा

धन्यवाद. इतक्या वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं.

भिंगरी

ओसरींनी पुढच्या वाटा विचारल्यात, ते राहूनच गेलं. थोडक्यात लिहिते.

दोन-तीन वर्षं वॉर्डात काढली की दारं उघडायला लागतात. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कॅन्सर, नवजात बालकं, यात कौशल्य वाढवता येतं. संसर्ग नियंत्रणाची नर्स ही आता मोठ्या हॉस्पिटलांची गरज आहे. सार्वजनिक आरोग्य, शाळा, कारखाने, घरी जाऊन सेवा. आवड असेल त्यांना मानसिक आरोग्य, तिथे माणसं फार कमी आहेत. मास्टर्स करून शिकवता येतं, व्यवस्थापनात जाता येतं. काही देशांत नर्स प्रॅक्टिशनर होऊन स्वतः तपासून औषधं लिहिता येतात. ही वाट १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेट्टा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केली. फोर्ड स्वतः नर्स होत्या. आणि माझ्यासारखी सिम्युलेशनमध्येही येते, वॉर्डाची पंधरा वर्षं पाठीशी घेऊन.

पण पहिली दोन-तीन वर्षं वॉर्डाला पर्याय नाही, हे माझं ठाम मत.

रात्रपाळी

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. कम्युनिटीत पहिल्या दिवसापासून जाऊन उत्तम झालेले माझे दोन मित्र आहेत. सोबतीला अनुभवी माणूस होतं, एवढंच. जागा कुठली यापेक्षा शेजारी कोण, हेच परत परत येतंय या धाग्यात.

ओसरी

मंडळी, दोन्हीकडे जाऊन आलो. मुलगी, बायको, मी. तुमचे प्रश्न मुलीनं वहीत लिहून नेले होते आणि विचारलेही तिनंच.

पहिल्या ठिकाणी लॅब खरंच वापरात आहे. नोंदवही दाखवली, कालचीही नोंद होती. भिंगरी ताई, तिथल्या शिक्षिकेनं चर्चेबद्दल तुम्ही सांगितलं तेच सांगितलं. ते आवडलं. पण वॉर्डाचं विचारलं तेव्हा कळलं, हॉस्पिटल दूर आहे, आणखी दोन कॉलेजांच्या मुली तिथे येतात, एका इन्स्ट्रक्टरमागे अठरा जणी. एका बॅचचे तीन आकडे मागितले तर "मेल करतो" म्हणाले. आठ दिवस झाले, मेल आली नाही.

दुसऱ्या ठिकाणी प्राचार्यांनी रजिस्टर काढून समोर ठेवलं. गळती बरीच आहे, त्यांनी लपवली नाही; पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियेत मुली अडकतात म्हणाल्या, आता जादा तास सुरू केलेत. लॅबमध्ये दोनच जुने पुतळे. वॉर्डात एका ट्यूटरमागे नऊ मुली. थिअरी आणि पोस्टिंग एकाच सत्रात, वेळापत्रकाची प्रत दिली.

मग त्यांनी विचारलं, वॉर्ड बघायचाय का? पेशंटना त्रास नको म्हणून दारातच उभे राहिलो. ड्युटी बदलायची वेळ होती. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पलंगाशी उभी राहून पुढच्या सिस्टरना पेशंटचं सगळं सांगत होती. मध्येच तिच्या ट्यूटरनी तिला थांबवलं आणि म्हणाल्या, "हे तू त्यांना विचारलंस का?" ती मुलगी वळली, पलंगावरच्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मावशी, रात्री झोप लागली का?" मावशींनी मान हलवून नाही म्हटलं आणि मग बराच वेळ सांगत राहिल्या. पुढच्या सिस्टर, ट्यूटर आणि ती मुलगी, तिघी ऐकत होत्या.

माझी मुलगी तिथून हलेचना. प्रवेश तिथेच घेतला. बायकोला लॅबची हळहळ आहे, ती मलाही आहे. पण प्राचार्यांनी सांगितलंय, लॅबचा प्रस्ताव गेलाय.

एक छोटा प्रश्न राहिला. मुलीला सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवंय. कालपासून आमच्या सगळ्यांचे श्वास मोजतेय. कसं घ्यावं?

सूर्यफूल_७

मनगटाचं नको. हात कोपरापर्यंत मोकळे हवेत, धुवायला. खिशाला पिननं लावायचं मिळतं, उलटं लटकणारं, ते घ्या. काटे मोठे आणि ठळक असू देत, रात्रीच्या अंधुक दिव्यात दिसायला हवेत.